म्हसोबाच्या दगडाची चीर

१५ जून, सोम. अमावस्या.
घरामागं चढावर म्हसोबाचा पुरुषभर उंच दगड, त्याला शेंदूर लावला. मागच्या अमावस्येचा शेंदूर एका रेषेत फाटलाय, केसाएवढा. उन्हानं पोपडा धरला असेल. तेलात शेंदूर कालवून बोटानं बुजवली रेघ, दरवेळेसारखी. लेकीला, सुरेखाला सातवा महिना सरला. पहिलं बाळंतपण आपल्याकडंच. मागची खोली सारवायची राहिलीय.

१९ जून, शुक्र.
शेजारच्या रानात विहिरीचे सुरुंग. दुपारी तीन उडाले, मांडणीतली भांडी वाजली. रेघ पुन्हा उघडी. टोकाला कुंकवाचं बोट लावून ठेवलं. बघू.

२५ जून, गुरु.
कुंकू मागं राहिलं, रेघ चार बोटं पुढं. ह्यांना सांगितलं. "देव कूस बदलतोय," म्हणाले.

३० जून, मंगळ.
भिवाभाऊ पाथरवट जात्याला टाकी लावायला आला. चहा झाल्यावर दगड दाखवला. चपला काढून पाया पडला, मग हातोडीनं ठोकत गेला. उजवीकडं घंटेसारखा खणखणला. डावीकडं बद्द, फुटक्या मडक्यासारखा.
"वहिनी, चीर टोकाकडनं पळती. जेवढी लांब झाली तेवढं तिला पुढचं सोपं. तुमी शेंदूर भरत ऱ्हायला, म्हणून दिसली न्हाई."
सुरेखा पाचवीत होती तेव्हापासून मी ती भरतेय. भक्तीनं.

५ जुलै, रवि.
पाऊस. पाणी चिरेत शिरतं, खालून कुठंच निघत नाही. भिवाभाऊ म्हणतो वरनं थोडा थोडा फोडून उतरवू. हे उखडले, देवाला घण लावायचा? आपल्या घरात बाळंतिणीची खाट मागच्या खोलीत, म्हसोबाच्या पाठीशीच. आत्तापर्यंत त्यानंच सांभाळलं.
दगड त्या खोलीच्या बरोबर वर.
सुरेखा काल आली. तिला अजून काही बोलले नाही. खाट तिथंच घातलीय.

१४ जुलै, मंगळ. अमावस्या.
आठ दिवस पावसानं दडी मारली. विहिरीवाल्यांनी पाणी उपसून पुन्हा सुरुंग धरलेत.
शेंदूर कालवला, पण चिरेत बोट घातलं नाही. वरवंटा नेला होता. देवाची माफी मागून उजवीकडं ठोकला, जिथं त्या दिवशी खणखणला होता.
तिथंही बद्द.
हे मागं कधी येऊन उभे राहिले कळलं नाही. वरवंटा माझ्या हातातून घेतला, स्वतः ठोकला. तीनदा. कान लावून. खाली गेले आन् सुरेखाची खाट पुढच्या पडवीत आणून ठेवली. मला वाटलं, सुटलो.
मग स्वतःचं अंथरूण गुंडाळून मागच्या खोलीत नेलं.
"देवाला एकटं कसं टाकायचं? कुणीतरी पायजे जवळ."
शेजारच्या रानातून 'लांब व्हा, लांब व्हा' चाललंय. तीन हाका मारतात, मग उडवतात. मी उंबऱ्यावर बसून लिहितेय. दोन हाका झाल्या. ह्यांना दोनदा बोलावलं. आत समई पुसतायत, ओ देत नाहीत.