फोटो झाला काय?

मंगळवार, संध्याकाळ

आज अंगणवाडीत पोरं ठोकळ्यांत रमली होती. तीन वर्षांची सना बडबडत मनोरा रचत होती. मी फक्त वेळ पाहायला मोबाइल काढला आणि सगळा गलका बंद! हाताची घडी, तोंडावर बोट. सनाचा धक्का लागून मनोरा पडला, तरी तिने वळून पाहिलं नाही.

रोज मोबाइलवर पाठवायच्या हजेरीच्या फोटोसाठी मीच हे शिकवलं ना? "तुमचे लेकरं किती शिस्तीत राह्यतात," असं तपासणीला आलेल्या मोठ्या मॅडम म्हणाल्या, तेव्हा केवढी फुगले होते मी.

सनाने हळूच विचारलं, "बाई, फोटो झाला काय? आता खेळू?"

फोटो काढलाच नव्हता. तरी म्हटलं, "हाव, झाला. खेळ."

मनोरा तिने पुन्हा रचला नाही. मोबाइल ठेवलेल्या माझ्या पिशवीकडेच पाहत बसली.