साठ मिलिव्होल्टचा शंट

पनवेल, मंगळवार, ऑक्टोबर १९९१

जुन्या लेथची मोटार जळली. मोटारीचा करंट सांभाळणाऱ्या ड्राइव्हची मर्यादा त्यांनीच वाढवली असं ठरवून साहेबांनी इलेक्ट्रिशियन म्हात्रेकाकांना घरी बसवलं. पण ती मर्यादा बदलायच्या स्क्रूवर मी लावलेलं नेलपॉलिशचं सील शाबूत आहे.

आज करंट मोजणारा शंट काढून पाहिला. पंच्याहत्तर मिलिव्होल्टच्या जागी साठचा, म्हणजे ड्राइव्हला करंट कमी दिसत होता आणि मोटारीत सव्वापट जात होता. तो मीच बसवला होता.

काकांनी सांगितलं होतं, "म्याडम, मोटार लय तापते." मी मीटरवरचा बरोबर आकडा दाखवला; मीटरही त्याच शंटवर चालतो.

सील शाबूत. मोटार जळली त्याच दिवशी मला दिसलं होतं. मी गप्प का राहिले?

संध्याकाळी गव्हाणला त्यांच्या घरी जाऊन सांगितलं.

"मना ठाव हाय," ते म्हणाले. "तुमी नवीन, म्हनून सायबाला बोललो नाय. बसा, च्या घ्या."

घेतला. घरी येऊन, शंट मी चुकीचा बसवला असा साहेबांना द्यायचा कागद लिहून झाला. अक्षर नेहमीसारखंच आलंय.