कप्तानानं विचारलं नाही

भिंगार, मंगळवार

प्रिय नोहा, माझ्या लेखक नातवा,

हे अक्षर आमच्या महिला मंडळाच्या आराधनाबाईंचं. शुद्धलेखन त्यांचं, तोंड माझं. मधेच त्या डोळे पुसायला थांबतात, मग मलाही थांबावं लागतं. लिहून झालं की फोटो काढून तुझ्या मोबाईलवर धाडणार आहेत.

रविवारी फोनवर तू तुझी ती अवकाशयानाची गोष्ट वाचून दाखवलीस. यानातली हवा संपत आलेली. पुढं चाळीस माणसं जागी, मागच्या डब्यात सात जणं औषधानं झोपवलेली. कप्तान मधलं दार लावतो, मागचा डबा तोडून अंधारात सोडून देतो आणि चाळीस जणांना घरी आणतो. सातांना उठवत नाही. मग तू विचारलंस, "आजी, त्यानं बरोबर केलं का?" मी बिनसाखरेच्या चहात पाव बुडवत होते. म्हटलं, केलं की, चाळीस लेकरं वाचली. वर तुझी थट्टा केली, की बायबलातल्या खऱ्या नोहानंसुद्धा प्रलयाच्या वेळी तारवाचं दार स्वतः लावलं नव्हतं बाबा, ते काम देवावर सोपवलं होतं. तू हसला नाहीस. एरवी माझ्या शिळ्या विनोदालाही हसतोस. तेव्हाच माझ्या ध्यानात यायला हवं होतं.

माझ्या पायाचं बोट काळं पडलंय, ते तुला ठाऊक आहे. तुझा बाप शलमोन म्हणाला, गुरुवारी नगरला नेऊन, भूल देऊन जखम साफ करायची. कागद पुढं केला. आपल्या घरची रीत तुला माहीत आहे. तुझ्या आजोबांनीच घालून दिलेली. कागद मला दोनदा वाचून दाखवायचा, मग मी तो माझ्या तोंडानं परत सांगायचा, मगच अंगठ्याला शाई. रेशनकार्डापासून घराच्या उताऱ्यापर्यंत ती मोडली नाही. या खेपेला समोर पोटचा लेक होता, घाईत होता. मी न ऐकताच अंगठा दिला.

काल ड्रेसिंगला आलेली नर्स सहज म्हणाली, "आजी, पाय गुडघ्याखालून काढायचाय ना, मग वॉकर आत्ताच घेऊन ठेवा." तिला वाटलं, मला ठाऊक आहे. मी मान डोलावली.

संध्याकाळी शलमोनला विचारलं. खाली बघून म्हणाला, नोहाशी बोलूनच ठरवलं, तुला सांगितलं असतं तर तू आलीच नसतीस. खरं आहे, नसतेच आले. पण तेव्हा तुझी गोष्ट मला कळली. तुझ्या कप्तानाला मी दिलेला होकार तू माझ्या पायाला लावलास.

नोहा, मला लई भीती वाटते. दुपारी डुलकी लागली तरी दचकून उठते आणि आधी पाय चाचपते. आहे, असं बघून हसते. भूल उतरावी, पांघरुणाखाली हात घालावा, तिथं काही नसावं, आणि ते सगळ्यांना आधीच ठाऊक असावं. मला हेच सारखं दिसतं.

म्हणून रविवारचं उत्तर मी परत घेते. दार लावणं बरोबरही असेल, हवा किती उरली ते मला काय कळणार. पण सातांना उठवायला हवं होतं. ती रडली असती, भांडली असती, एखादी म्हातारी त्याला चावलीसुद्धा असती. ते सोसायची त्याची छाती झाली नाही. तुझा कप्तान भित्रा होता रे. तुझ्यावर गेलाय.

उद्या सकाळच्या गाडीनं पुण्याहून निघ. कागद माझ्यासमोर वाच, "गुडघ्याखालून" हा शब्द न गिळता. मग मला विचार. बहुतेक मी हो म्हणेन. नाहीच म्हटलं, तर तू काय करशील, ते गाडीत बसून ठरवून ये.

अजून दोन्ही पायांवर उभी असलेली,
तुझीच,
आजी