घड्याळविक्या आणि निडरबाखची घंटा

चि. वेल्टनला ताईचे भरभरून आशीर्वाद. तुझी दाढ आता ठणकत नाही ना? आमच्याकडे सगळे खुशाल आहेत आणि तुझे भावोजी तुरुंगात गेलेले नाहीत. हे आधीच सांगते, म्हणजे पुढचं निवांत वाचशील.

आपल्या ड्यूकसाहेबांनी प्रजेला शहाणं करायचं मनावर घेतलंय, हे तुला ठाऊक आहेच. बटाटे लावायचा हुकूम झाला (डुकरांनी आनंदाने पाळला). आता नवा हुकूम असा, की गारांचे ढग पांगावेत म्हणून वादळात चर्चची घंटा वाजवणं हा अडाणीपणा आहे आणि वाजवील त्याला तुरुंग. आमच्या निडरबाखात वाजवणारे कोण, तर आमचे हे. ढग दिसले की सगळं गाव आधी द्राक्षमळ्यांकडे बघायचं, मग यांच्याकडे. गारा पडल्या तर दोष यांचा, घंटा वाजली तर तुरुंग यांना. यांचं अन्नावरून मन उडालं, आणि माझा जीव टांगणीला लागला.

अशात मंगळवारी खुद्द ड्यूकसाहेब आमच्या खानावळीत उतरले, घड्याळविक्याच्या वेषात. (ते नाक नाण्यानाण्यावर आहे, पण ओळख दाखवायची नाही ही आपली रीत. मी तर त्यांच्याशी घड्याळाच्या किल्लीवरून घासाघीसही केली.) बटाटे बाजूला सारून त्यांनी सॉसेज मागितलं, तेवढ्यात वीज कडाडली आणि साहेब टेबलाखाली.

"अहो, घंटा का वाजवत नाही कुणी?"

"ड्यूकसाहेबांची बंदी आहे, मालक," हे म्हणाले.

"गाढव आहे तुमचा ड्यूक!"

"असेल, पण आम्हाला तसं म्हणता येत नाही."

मग साहेब स्वतःच चिखल तुडवत चर्चकडे धावले आणि घंटेच्या दोराला असे लोंबकळले की केसांचा टोप एकीकडे, बूट दुसरीकडे. हे शेजारी हात मागे बांधून हुकूम पाळत उभे. गारा पडल्या नाहीत. सकाळी साहेबांनी समजावलं, की घंटेचा नि ढगांचा काही संबंध नसतो, हे शास्त्राने सिद्ध झालंय. आम्ही माना डोलावल्या. वाजवणारा घड्याळविक्या, तेव्हा यांना हात कोण लावणार? हे त्या दिवशी पोटभर जेवले आणि मला आनंदाने रडूच आलं.

तुझी,
उर्सुलाताई

ता. क. त्या ओढाताणीत घंटेचा लोलक तुटून खाली पडला. तुझ्या भट्टीत नवा घडवून लगेच घेऊन ये. मागच्या वाटेने ये, बंदी कायम आहे.

आणखी एक. लोलक भक्कम कर. राजधानीतल्या घंटांचे लोलक साहेबांनीच काढायला लावलेत, म्हणून त्या घड्याळविक्याने आमची माडीवरची खोली सगळा उन्हाळा धरून ठेवली आहे.