डोंगराच्या दोन हाका

प्रिय अण्णा,

बेळगावातलं ते वाद्यांचं दुकान आठवतं का रे? मला काल सकाळपासून तेच दिसतंय. काउंटरवर शेजारी शेजारी मांडलेली, आवाज घुमवणारी तीन यंत्रं, स्टुलावर तुझा छोटा कीबोर्ड, आणि माईक धरून उभा असलेला तू. बाकीची गिऱ्हाइकं माईक हातात आला की 'हॅलो, हॅलो' म्हणतात. तू काय म्हणालास? "सुमेऽऽ, जेवायला येऽऽ!"

दुकानदाराचा चहा बशीत सांडला. "अवो पाव्हणं, गाणं म्हणा की! दुकानात पंगत हाय व्हय?"

मी मागच्या बाकावर होते. शाळेत शिकवणारी, चाळिशी ओलांडलेली बाई, आणि भाऊ भर बाजारात जेवायला हाक मारतोय! पण तू हसला नाहीस. डोळे मिटून ऐकत होतास.

हे पत्र आता लिहायचं कारण म्हणजे त्या तिघांतलं तू निवडलेलं यंत्र. तू गेल्याला एक पावसाळा सरला. मी काल रामनगरला आले तर वहिनींनी ते देव्हाऱ्याशेजारच्या फळीवर ठेवलेलं. तांबड्या कापडात गुंडाळून, वर हळदकुंकू. आणि तुझा गिटारवाला इनास ओट्यावर बसून ते मागत होता. तुमची गाण्याची पार्टी पुन्हा उभी करायची म्हणतो. वहिनी आतूनच म्हणाल्या, "आत्याबाईंची हाक हाय त्यात. देणार न्हाई." आपल्या आईची हाक! मग दोघंही माझ्याकडे बघू लागले.

अण्णा, आपलं जुनं घर तुझ्या स्वप्नात यायचं का? माझ्या येतं. काळी नदी अजून अरुंद आहे, पलीकडचा डोंगर धुक्यात अर्धा बुडालाय, आणि आई खळ्याच्या कडेला पदर खोचून उभी आहे. मामांकडे बेळगावला राहून कॉन्व्हेंटात शिकणारी मी सुट्टीला आले की पहिल्या संध्याकाळी तिची ती हाक ऐकायची. तेव्हा कुठे घरी आल्यासारखं वाटायचं.

आणि आपल्याकडची ती रीत! दिवेलागणीला कुणी हाक मारली तर पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही. दुसऱ्याही नाही. रानातलं जे काही असतं ते एकदा बोलावतं, फार तर दोनदा. तिसरी हाक माणसाचीच. पण आई कधी तीनदा ओरडली नाही. ती एकदाच हाक घालायची, उरलेल्या दोन डोंगर घालायचा. एक स्पष्ट, एक विरत गेलेली. मग आपण नदीकाठावरून ओरडायचो, "ओऽऽ!"

तू एकदा तिला विचारलं होतंस, "आणि भुताची हाक डोंगर परत देत न्हाई?"

"का देईल? डोंगर आपला हाय. भुताला साथ करंल व्हय तो?"

मग धरण झालं. घर गेलं, खळं गेलं, नदीच तळ्यासारखी पसरली आणि आपण रामनगरला आलो. इथे सपाटी, घराला घर लागलेलं. आई स्वयंपाक करायची, तांदूळ निवडायची, सगळं पूर्वीसारखंच. फक्त हाक मारायची थांबली. तुला शोधायला ती स्वतः चालत दुकानापर्यंत यायची आणि बाहीला धरून नुसती ओढायची. मला हे वहिनींनी सांगितलं, ते फार उशिरा. तेव्हा वाटलं होतं, वय झालं तिचं.

आता थोडं भांडू दे मला. दुकानात पहिलं यंत्र होतं स्प्रिंगचं. त्यातून तुझी हाक आली ती घागरीत तोंड घालून बोलल्यासारखी. दुकानदारानं कौतुकानं डब्यावर टिचकी मारली, तर आतून वीज कडाडल्यासारखा आवाज! "जीपमधनं नेलं तर प्रत्येक खड्ड्याला पाऊस पडेल," असं तू म्हणालास.

दुसरं डिजिटल, अगदी नवीन. तू पुन्हा हाक मारलीस आणि अण्णा, मला शाळेचं चॅपेल दिसलं. उंच छत, रंगीत काचा, सगळ्या मुली शेवटचा सूर सोडतात आणि तो वर जाऊन कितीतरी वेळ तरंगत राहतो. मी ते सूर सोडले होते रे, लहानपणी. तुझ्या पार्टीत मीच गाणार होते ना? मी तुझी बाही ओढली. "अण्णा, हेच घे. ह्यात माझा आवाज बघ कसा होईल!"

तिसरं टेपचं, जुनं, गोव्याहून कुणाकडून तरी आलेलं. आत एक पट्टी गोल गोल फिरायची, जे बोलाल ते टिपायची आणि क्षणभरानं परत द्यायची. दुकानदारसुद्धा म्हणाला, "हे नको, मालक. पावसात पट्टी चिकटते. निस्तं लचांड हाय."

तू नॉब फिरवत बसलास. थोडा इकडे, थोडा तिकडे. मग माझ्याकडे पाठ करून हाक मारलीस. "सुमेऽऽ!" यंत्रानं ती परत दिली, स्पष्ट. आणि पुन्हा एकदा, विरत गेलेली.

"ओ!"

कोण बोललं हे मला आधी कळलंच नाही. मीच ओ दिली होती! तू वळलास, चेहरा सगळा उजळलेला. "झालं. हेच."

कारण मात्र सांगितलं नाहीस. सांगितलं असतंस तर मी दोन वर्षं कुरकुरले असते का? श्रावणात पट्टी अडकायची, माझा सूर डोलायचा, इनास म्हणायचा, "बाई, तुमी गाताय का झोपाळ्यावर बसलाय?" आणि तू कापसाला स्पिरिट लावून निमूटपणे ते पुसत बसायचास. इतकं कसं गप्प राहवलं रे तुला?

मग ती चतुर्थीची संध्याकाळ. अंगणात स्पीकर लावून आपण तालीम करत होतो, मागे भात उकळत होता. तू आईला हाताला धरून आणलंस, माईक पुढे केलास. "आई, जेवायला बोलव सगळ्यांना."

"हितंच तर हायत की सगळी!"

"तरीपण बोलव. खळ्यावरनं बोलवायचीस तसं."

तिनं आधी पदर खोचला. माईककडे बघितलंच नाही, लांब बघितलं, जिथे काहीच नव्हतं तिथे. आणि हाक मारली. तुझ्या नावानं. एकदाच.

यंत्रानं पहिली परत दिली. आईचा हात छातीवर गेला. मग दुसरी, विरत विरत, शेजारच्या कौलांवरून पार रुळांपलीकडे. आणि तू तिच्यापासून हातभर अंतरावर उभा होतास, तरी नदीकाठावरून दिल्यासारखी ओ दिलीस.

मग आई म्हणाली, "दोन्ही आल्या. पर डोंगराला जरा पडसं झालंय."

किती हसलो आपण! हसता हसता तू आत निघून गेलास आणि बराच वेळ बाहेर आला नाहीस. नंतर पानावर बसल्यावर आई मला म्हणाली, "हितं तीनदा कोण वरडणार, बाय? भीक मागितल्यावानी वाटायचं." तेव्हा मला तुझं यंत्र कळलं. त्यानंतर ती असेपर्यंत रोज दिवे लागले की तू ते सुरू करायचास. शेजारची पोरंसोरंही तिच्या हाकेवर घरी जायची.

तर काल. इनास ओट्यावर, वहिनी परसात कपडे काढत होत्या. मी फळीवरून यंत्र उतरवलं, कापड सोडलं. चालू होईल की नाही, भीती होती. पट्टी एकदा कुरकुरली आणि फिरली. आतून आईची हाक आली नाही, अण्णा. येणारच नव्हती. ती पट्टी पुढे जाताना मागचं पुसत जाते, हे तूच मला दाखवलं होतंस. तरी मी क्षणभर कान दिला. तूही दिला असतास.

मग मी माईक घेतला. "वहिनीऽऽ!"

एक परत आली. परसातून काही नाही. दुसरी आली, विरत गेलेली.

"ओऽऽ!" वहिनी धावतच आल्या, खांद्यावर तुझा जुना सदरा, डोळे भरलेले. "आत्याबाईच वाटल्या मला." माझ्या हातातला माईक बघितला, यंत्राकडे बघितलं. "म्हंजे आत कुणीच न्हाई?"

"नाही. जो हाक मारील तोच."

त्या सदऱ्याची घडी घालत राहिल्या. मग इनासला म्हणाल्या, "न्या. पर चतुर्थीला ह्या अंगणात आणायचं. हाक मी मारणार." इनासनं टोपी काढून मान डोलावली. विनोद केला नाही, हे विशेष!

तेव्हा वाटणी अशी ठरली, तुला पसंत असो वा नसो. टेपचं यंत्र इनासला, चतुर्थीच्या अटीवर. कीबोर्ड तुझ्या लेकीला, शैलाला. ताल धरणारा रिदम बॉक्स भजनी मंडळाला, म्हातारे भिऊन भिऊन बटण दाबतात ते बघायला तू हवा होतास. स्पिरिटची बाटली आणि कापूस इनासलाच, नाहीतर पुन्हा डोंगराला पडसं होईल. तांबडं कापड वहिनींना. तुझा माईक मी ठेवून घेतलाय, विचारलं नाही.

आणि एक वचन. उन्हाळ्यात धरणाचं पाणी खाली गेलं की मी गणेशगुडीच्या बाजूनं जाईन. आपला डोंगर अजून कमरेपासून वर पाण्याबाहेर आहे म्हणतात. तिथे काठावर उभी राहीन, दिवेलागणीला, पदर खोचून. पहिली हाक माझी. उरलेल्या दोन त्याच्या. त्यानंतरची ओ तुझ्या वाट्याची, अण्णा. ती मी दुसऱ्या कुणालाही दिलेली नाही.

तुझी,
सुमी