पिवळ्या पडद्याआडचा विद्यार्थी

आठवा महिना, तिसरा दिवस

सम्राटाचा गुरू होणं मला कितीला पडलं, ते एकदा खरं खरं मांडून ठेवतो. परीक्षेत तीनदा नापास, परीक्षेच्या कोठडीत गारठून गेलेली एक दाढ, बायकोच्या केसांतले चांदीचे आकडे आणि आईचं शेवटचं दर्शन. एवढ्या मोलात शाओशिंग गावच्या तोफूवाल्याचा पोरगा राजवाड्यात पोचला. स्वस्तातच पडलं म्हणायचं.

वडील गल्लोगल्ली ओरडून तोफू विकायचे. त्यांचा गळा मला मिळाला, कानही मिळाले. माझं नाव सुचवणाऱ्या हान नावाच्या म्हाताऱ्या मंत्र्यांना मी म्हणालो, मला गप्प बसवणं वीस वर्षांत बायकोला जमलं नाही, ते दरबारालाही जमायचं नाही. ते हसले नाहीत.

काम साधं आहे. सम्राट दहा वर्षांचे. त्यांच्या सिंहासनामागे पिवळा पडदा, पडद्याआड त्यांची आजी, राजमाता. राज्यातला प्रत्येक अर्ज त्या पडद्याआड जातो आणि परत येत नाही. आमच्याकडचा फुटका बांध बांधा म्हणून गावानं केलेले अर्जही तिथंच गेले. हानमंत्र्यांचा बेत असा की पोराला वाचता यावं, आणि दहाव्या महिन्याच्या पहिल्या दिवशी भर दरबारात त्यानं एवढंच म्हणावं: यापुढे अर्ज मी स्वतः वाचीन. सम्राटानं तोंडानं म्हटलं की तो कायदा.

आठवा महिना, सहावा दिवस

पोरगा हुशार आहे. जेवणात प्रत्येक पदार्थाचे तीनच घास मिळतात, आवड कुणाला कळू नये म्हणून. त्यानं हळूच सांगितलं की मोहरीच्या पाल्याचं लोणचं आवडतं. म्हणालो, महाराज, हे आता राज्याचं गुपित, माझी मान गेली तरी फुटणार नाही. खूप हसला. महाराजांच्या सेवेतला खोजा फेंग म्हणतो, महाराजांना हसताना त्यानं प्रथमच पाहिलं.

पाठ नेहमीच्याच रीतीनं. मी मोठ्यानं ओळ म्हणायची, त्यांनी मागून म्हणायची, घोटून होईपर्यंत. शाळेच्या दालनातही पडदा आहेच. आज लक्षात आलं, पडद्याआडूनही कुणी हलक्या आवाजात माझ्यामागून ओळ म्हणतंय. या वयात राजमातांना शिकायची हौस. मी खूश होऊन आवाज आणखी चढवला.

आठवा महिना, चौदावा दिवस

पहिला दरबार. सगळ्यांची कपाळं फरशीला. मान वर करायची मुभा एकट्या सम्राटांना, आणि त्यांची पाठ पडद्याकडे. म्हणजे इथे माणसं ओळखायची ती आवाजावरून.

पडद्यानं हुकूम दिले. हेल सिच्वानी होता, नैऋत्येकडच्या प्रांताचा. राजमाता उत्तरेकडच्या, त्यांनी मोठी नदी कधी ओलांडलेली नाही. सिच्वानचे होते ते माझ्याआधीचे गुरू, चिआओ. ते कुठे असतात, असं फेंगला विचारलं. म्हणाला, गावी. बरे आहेत, फक्त बोलत नाहीत. मग म्हणाला, गुरुजींचे कान फार चांगले आहेत, हे काही बरं नाही.

आठवा महिना, सत्ताविसावा दिवस

घसा बसलाय. खडीसाखरेत शिजवलेल्या नाशपातीनंही उतार नाही. मनात एक शंका आहे, ती तपासायची म्हणून आज पाठ चालू असताना मध्येच वडिलांची आरोळी ठोकली: घ्याऽ गरमगरम तोफूऽ. महाराज खुर्चीवरून पडायचे बाकी होते. पडद्याआडून कुणी हसलं नाही. फक्त आरोळी परत म्हटली.

आठवा महिना, अठ्ठाविसावा दिवस

दरबारात पडद्यानं खजिन्याच्या मंत्र्याला सांगितलं, दक्षिणेचा कर दुप्पट कराऽ. शेवटचं अक्षर तसंच लांबवलं, आमच्या गल्लीसारखं. सगळे कपाळं टेकून होते. 

नववा महिना, तिसरा दिवस

फेंगला शाओशिंगची दारू पाजली. मग तो बोलला. राजमाता गेल्या हिवाळ्यातच वारल्या. त्यांच्यामागे पडदा उतरवायचा हुकूम द्यायला कुणी नव्हतं, कारण हुकूम पडद्याआडूनच येतात. म्हणून तो तसाच राहिला. आत ताट जातं, भरलेलं परत येतं. अंत्यविधी गुपचूप उरकला त्याच दिवशी आतून आवाज आला, राजमातांचाच, पण झिजलेला. मग चिआओंचा.

मी म्हणालो, म्हणजे आता माझी पाळी. तो म्हणाला, गुरुजी, पळा. शिकवणं थांबवलंत तर गळा वाचेल.

थांबवलं तर पोरगा अर्धवट राहतो. अर्धी अक्षरं अजून बाकी आहेत. पडद्याला माझा आवाज हवाय, ते कळलं. मला पोराला वाचता यायला हवंय, तेही त्याला कळू दे.

नववा महिना, चौथा दिवस

आज दुप्पट शिकवलं.

नववा महिना, अकरावा दिवस

सकाळी आवाज फुटतो, दुपारपर्यंत जातो. महाराज विचारतात, गुरुजी, दुखतंय का? म्हणालो, तुमचं आधी पाठ होऊ दे.

रडले. मग म्हणून दाखवलं, न चुकता.

नववा महिना, एकोणिसावा दिवस

आता ओळ मी अर्धीच म्हणतो. उरलेली पडदा म्हणतो— माझ्याच आवाजात, माझ्यापेक्षा स्वच्छ. महाराजांना हे कळू नये म्हणून डोळे मिटून म्हणायला सांगितलं—

नाही. चुकलं. कळायलाच हवं. उद्या सगळं सांगतो.

नववा महिना, विसावा दिवस

सांगितलं. थोडं बोलून, थोडं लिहून. लिहिलेलं त्यांनी स्वतः वाचलं.

नववा महिना, अखेरचा दिवस

सगळी अक्षरं झाली. मी आज दिवसभरात एक शब्द— तोही नीट नाही.

दहावा महिना, पहिला दिवस, सकाळ

दरबार आत्ताच उठला. लगेच लिहितो.

महाराज उठले. म्हणाले, यापुढे अर्ज मी स्वतः वाचीन. आणि पडद्यामागून माझा आवाज, मायेनं: महाराज, बसा. अजून नीट येत नाही तुम्हाला.

ते बसायला लागले. ज्या आवाजानं त्यांना अक्षर दिलं, तोच आवाज. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी फरशीवरून मान उचलली— देहदंडाचा गुन्हा— आणि ओठ घट्ट मिटून तसाच राहिलो. पाहा. नीट पाहा.

ते म्हणाले, गुरुजींचं तोंड बंद आहे. मग तेच वाक्य पुन्हा म्हणाले, मोठ्यानं. हानमंत्री ओरडले, आज्ञा! सगळा दरबार मागोमाग. झाला कायदा.

रात्र

पडदा उतरवायला एकही खोजा हात लावत नाही. महाराज शाळेच्या दालनात दिवा लावून अर्ज वाचताहेत, एकटे. मी शेजारच्या खोलीत—

माझा आवाज. बाहेरच्या ओसरीवर. धडा राहिलाय म्हणतो, या इकडे, दिवा कशाला, मी आहे ना.

त्यांची खुर्ची सरकली. पावलं—

ओरडलो. नुसता वारा. घशात काहीच—

मोठ्या अक्षरात लिहितोय: तो मी नाही. कागद घेऊन धावतो. मला बोलता येत नाही, पण त्यांना वाचता—