खिडकीजवळचं चिकट टेबल

२ मार्च

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुझा ऑपरेशनचा गुडघा आता कितपत वाकतो? ताई तुला तिच्या घरचा जिना उतरू देत नाही, हे वाचून बरं वाटलं.

इकडे घर ठीक. खिडकीतल्या मेणफुलाच्या वेलीला रविवारी पाणी घालतो, पानं ओल्या फडक्याने पुसतो. चार वर्षांनी तिला कळ्यांचा एक झुबका आला आहे. शिवाय खोडांवर नव्या फुटव्यांचे बारीक तपकिरी डोळे आलेत. मी तेवीस मोजले. फडकं त्यांना लागू देत नाही.

एक मात्र समजत नाही. जाताना तू वैतागून म्हणालीस, की चहा सांडून टेबल चिकट करणाऱ्याने मी येईपर्यंत दुसरी खोली बघावी. तेव्हापासून मी चहा मोरीजवळ उभा राहून पितो. तरी सकाळी वेलीखालच्या टेबलाला बाही चिकटते. वर वेलीची पानंही चिकट लागतात. कशाने असेल?

खोल्या बघतो आहे. दोन पाहिल्या. एकीला खिडकीच नाही.

लोभ आहे तेवढा राहू दे.
तुझा भाचा

८ मार्च

चि. भिंगोबास,
अ. उ. आ.

गुडघा वाकतो, पण कुरकुरतो. तुझ्या दुकानातल्या एखाद्या घड्याळाचं तेल पाठव.

पत्रात ऱ्हस्व-दीर्घाची एक चूक नाही. शाळा नववीत सोडलीस, पण माझी शिकवणी फुकट गेली नाही म्हणायची. आता टेबलाचं. त्या फुलांत मध असतो, तोच गळत असेल. नाहीतर तू झोपेत चहा पीत असशील. आणि फुलं गळाली तरी त्यांचा देठ कापू नकोस. त्याच देठावर पुन्हा फुलं धरतात.

खोलीचं मी आल्यावर बघू.

तुझी आत्या

१४ मार्च

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र लिहायला तीन दिवस धीर झाला नाही.

कळ्या अजून उमललेल्याच नाहीत, मग मध कुठून गळणार? म्हणून टेबल धुतलं आणि वर चौकोन आखलेला पांढरा कागद पसरला. संध्याकाळी थेंब दिसले ते सगळे उजव्या खोडाखाली. तिथे कळी एकही नाही, डोळे मात्र सर्वांत जास्त.

दुकानातून भिंग आणि चिमटा आणला. एका डोळ्याला चिमट्याने हलकेच ढकललं, तर तो टोपणासारखा निघून आला. खालचं खोड हिरवंगार. टोपणाखाली पिवळट ठिपके होते आणि त्यांतले दोन चालत होते.

एक टोपण कागदात गुंडाळून रोपवाटिकेतल्या माळीकाकांना दाखवलं. ते म्हणाले, ही खवले कीड. वेलीचा रस शोषते आणि उरलेला गोड रस खाली टाकते. डोळे समजून सांभाळलेत का, असं विचारून ते बराच वेळ हसले. आत्या, मी त्यांना खरोखरच सांभाळलं. त्यांना धक्का लागू नये म्हणून आजूबाजूने पुसत होतो.

आता काडीला कापूस गुंडाळून, स्पिरिटात बुडवून एकेक खवला काढला. पानं खालूनवरून साबणाच्या पाण्याने धुतली. पिल्लं राहतात, म्हणून दर आठ दिवसांनी हेच करायचं आहे. कळ्यांच्या देठावर चार होते. ते सगळ्यांत शेवटी काढले. देठ वाचेल की नाही, सांगता येत नाही.

खिडकीची खोली मिळाली. महिनाअखेरीस जातो. टेबल धुऊन ठेवीन.

रागावलीस तरी उत्तर पाठव.
तुझा भाचा

२० मार्च

चि. भिंगोबास,
अ. उ. आ.

तुझं पत्र दोनदा वाचलं, मग ताईला वाचायला लावलं.

ते तपकिरी फोड मी हिवाळ्यापासून बघत होते. वेल म्हातारी झाली, खोड खडबडीत झालं, एवढंच मनात आलं. टेबल चिकटायला लागलं तेही तेव्हापासूनच. म्हणजे चहा तू कधी सांडलाच नव्हतास. मग माझं ऐकून घेऊन मुकाट्याने टेबल पुसत का राहिलास, असं मी विचारणार होते. ताई म्हणाली, आई, तू त्याला बोलू दिलंस कुठे?

खरं आहे. चुकले मी.

देठ वाचला तर वाचला. त्या खोलीवाल्यांना नको म्हणून कळव आणि चहा टेबलापाशी बसून पी. दहा तारखेला येते.

तुझी आत्या

५ एप्रिल

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

खोलीवाल्यांना त्याच दिवशी नको म्हणून सांगितलं.

परवा चौथ्यांदा भिंगाने पाहिलं. खवला एकही नाही. कागद आठ दिवस कोरडा होता. काल सकाळी मात्र त्यावर एक थेंब दिसला. कीड परत आली असं वाटून भिंग उचललं. वर पाहिलं, तर झुबका उमलला होता आणि प्रत्येक फुलाच्या मधोमध मध जमला होता. थेंब बोटाने चाखला. गोड आहे.

आज सकाळी आणखी दोन पडले. शेजारीच चहा घेऊन बसलो होतो. हे थेंब पुसलेले नाहीत. तू येऊन हात लावून बघ.

वाट बघतो.
तुझा भाचा